पाच बदामांवरचा पास

माझा नवरा गेला त्या दुपारी त्याचा फोन माझ्या पर्समध्ये होता आणि तो मिनिटामिनिटाला थरथरत होता. क्लबातल्या ब्रिजवाल्यांच्या ग्रुपवर श्रद्धांजल्या येत होत्या. जोडलेले हात, पणत्या, पांढरी फुलं. एकानं घाईत वाढदिवसाचा केक पाठवला आणि मग पुसला. 'भावपूर्ण' हा शब्द मी त्या दिवशी चार प्रकारांनी लिहिलेला पाहिला. आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेल्यामुळे अशा वेळीही डोळा शुद्धलेखनावर जातो, त्याला इलाज नाही. आणि मग एका पणतीखाली आजऱ्याच्या काजूवाल्यांचा प्रश्न होता, 'बुधवारी चौथा कोण?' त्यावर तिघांनी अंगठे उमटवले होते.

मला राग आला नाही. प्रश्न रास्त होता. तिघांना रडता येतं, ब्रिज खेळता येत नाही.

ते तिघे चौदाव्या दिवशी सकाळी घरी आले. माझ्या नवऱ्याच्या टेबलावरची ही तीन माणसं. दातांचे डॉक्टर, जे दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवतात म्हणून स्वतःचं मिटलेलं ठेवतात. काजूवाले, ज्यांचा आजऱ्याला काजू फोडायचा कारखाना आहे आणि जे आठवड्यातून दोनदा गाडीनं कोल्हापूरला येतात; सगळ्यांसाठी काजूचा डबा आणतात आणि बोलता बोलता त्यातला अर्धा स्वतः संपवतात. आणि तिसरे भाऊजी. भाऊजी म्हणजे नवऱ्याचे सव्वीस वर्षांचे भिडू. पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले, राहायला गडमुडशिंगीला. कालव्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या माणसाशी बोलण्यात नोकरी गेली, त्यामुळे दोन फुटांवरच्या माणसाशीही ते तसंच बोलतात.

चहा झाला. फोटोकडे बघून झालं. मग भाऊजींनी घसा साफ केला आणि मी ज्याची भीती बाळगून बसले होते तेच काढलं.

"सगळं बरोबर होतं ह्याचं, वहिनी. पर त्या पाच बदामांवर पास द्यायला नको हुता."

काजूवाल्यांनी मान हलवली. डॉक्टरांनी फोटोतल्या माझ्या नवऱ्याकडे असं पाहिलं, की जणू त्याचा तो दात वेळीच काढायला हवा होता.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची आहे. लग्नात, मुंजीत, दुसऱ्याच्या साठीला, डॉक्टरांच्या दवाखान्याच्या नव्या खुर्चीच्या पूजेला, भाऊजींनी ती सगळीकडे सांगितली आहे. पण मेलेल्या माणसाच्या घरी, त्याच्या फोटोसमोर, त्याच्या बायकोचा चहा पिऊन ते ती सांगतील असं मला वाटलं नव्हतं. त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं, की हा पास मी माझ्या नवऱ्याच्या नावावरून काढणार. दुसरं काही मला त्याच्यासाठी करता येण्यासारखं उरलं नव्हतं. वर्षश्राद्ध मुलगा करील.

ज्यांना ब्रिज ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, फार नाही. चौघं बसतात, समोरासमोरचे दोघे भिडू. प्रत्येकाला तेरा पानं. खेळ सुरू होण्याआधी बोली होते. अमुक रंग हुकूम केला तर आम्ही दोघं मिळून तेरा फेऱ्यांपैकी इतक्या जिंकू, म्हणजे इतके हात करू, असं सांगायचं. सहा हात गृहीत असतात, त्यामुळे 'चार इस्पिक' म्हणजे इस्पिक हुकूम आणि दहा हात, 'पाच बदाम' म्हणजे बदाम हुकूम आणि अकरा. वरची बोली खालची खाते. बोलायचं नसेल तर पास. ज्यांची बोली शेवटची, त्यांनी तेवढे हात करून दाखवायचे. नाही झाले तर आपटले. पत्ते टाकणं नंतरचं. डाव खरा जिंकतात किंवा घालवतात ते त्याआधी, बोलीत.

हे मला नवऱ्यानं शिकवलं. पण फक्त हेच. रोज चार वाजता चहाबरोबर तो जेवणाच्या टेबलावर चार हात वाटायचा, दोन पालथे ठेवायचा, एक मला द्यायचा आणि एक स्वतः घ्यायचा. मग आम्ही बोली करायचो. ती संपली की चारही हात उघडून बघायचो, कुठं पोचायला हवं होतं आणि कुठं पोचलो. आणि मग पत्ते गोळा. खेळायचो कधीच नाही. चहा तेवढाच असायचा. लग्नानंतरच्या काही वर्षांनी नवराबायकोत जे बोलणं उरतं ते भाजी, मुलगा आणि गॅसचा नंबर. आमच्यात त्याशिवाय हे होतं. "भिंतीपलीकडच्या माणसाला आपल्या घरात काय काय आहे ते चार शब्दांत सांगायचं, एवढीच बोली," असं तो म्हणे. "आहे त्यापेक्षा जास्त सांगितलंस तर तो जेवायला येईल आणि उपाशी जाईल."

त्यामुळे झालं असं, की मला बोली चांगली येत होती आणि खेळ जवळजवळ येतच नव्हता. कोल्हापुरात हे उलटं असतं. इथे पत्ते कसे टाकायचे ते सगळ्यांना येतं आणि बोली हा मर्दानगीचा प्रश्न असतो. विरुद्ध जोडी चार म्हणाली की आपण पाच म्हणायचं, हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण आमच्या क्लबात तो भिंतीवर लावल्यासारखा पाळतात. पास म्हणणं म्हणजे आखाड्यात स्वतःहून पाठ टेकणं. दोन हातांनी आपटले तरी चालेल. लोक म्हणतात, भिडला तरी.

आता ती गोष्ट. जिल्ह्याच्या स्पर्धेचा शेवटचा डाव, विरुद्ध सांगलीची जोडी. भाऊजींनी 'एक इस्पिक' म्हणून सुरुवात केली. नवऱ्यानं 'दोन इस्पिक' म्हणून साथ आहे असं सांगितलं. सांगलीकर 'तीन बदाम'. भाऊजी 'चार इस्पिक'. दुसरे सांगलीकर 'पाच बदाम'. आणि माझा नवरा म्हणाला, पास. सांगलीकरांनी अकरा हात केले आणि कप सांगलीला गेला. भाऊजींचं म्हणणं, ह्यानं पाच इस्पिक म्हणायला हवं होतं. फार तर एका हातानं आपटलो असतो, ते स्वस्त पडलं असतं, कप इथेच राहिला असता.

ऐकायला हे बिनतोड वाटतं. अकरा वर्षं सगळ्यांना वाटत आलं आहे.

त्या संध्याकाळी स्पर्धेहून घरी आल्यावर नवऱ्यानं बूटसुद्धा न काढता तो डाव टेबलावर मांडला. चारही हात त्याला पाठ होते. त्यानं स्वतःचा हात माझ्यासमोर ठेवला आणि बोली सांगून विचारलं, तू काय म्हणशील? मी पानं पाहिली. इस्पिकची तीन, त्यात गुलाम सोडला तर काही नाही. चौकटचा एक्का आणि राणी. मी म्हणाले, पास. माझ्याकडे त्यांचा डाव मोडायला दोन हात आहेत, आपला पुढे न्यायला एकही नाही. तो हसला. मग त्यानं उरलेली पानं उलटली. पहिलं पान टाकायची पाळी भाऊजींची होती. त्यांनी इस्पिक एक्का खेळला, तो हात मिळाला. नवऱ्यानं त्यावर इस्पिकची दुरी टाकली. भिडूनं सगळ्यांत लहान पान टाकलं की त्याचा अर्थ ठरलेला असतो: हा रंग पुरे, दुसरा खेळ. दुसऱ्या सांगलीकरांनी नियमाप्रमाणे टेबलावर उघडी पसरलेल्या पानांत चौकटचा राजा दिसत होता. भाऊजींनी चौकट खेळली असती तर नवऱ्याचे एक्का आणि राणी दोन्ही वाजले असते, एकूण तीन हात, आणि सांगलीकर आपटले असते. भाऊजींनी इस्पिक राजा खेळला. तो हुकमानं कापला गेला, सांगलीकरांनी आपल्या चौकटी किलवरवर टाकून दिल्या, आणि संपलं.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा दिसली, जी पुढे इतक्या वर्षांत त्या टेबलावरच्या एकालाही दिसली नाही. नवऱ्यानं पास दिला, त्याच्यानंतरच्या सांगलीकरांनी पास दिला, आणि मग बोलायची पाळी भाऊजींची होती. पाच इस्पिक म्हणायचं तर तोंड त्यांनाही होतं. शेवटचा पास त्यांचाच.

"सांग की त्यांना," मी म्हणाले.

"नको," तो म्हणाला. "भिडूला त्याची चूक दाखवली की तो पुढच्या डावापासून पत्त्यांकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघतो. तूही सांगू नकोस."

मी कबूल केलं. तो डाव त्यानं लग्नपत्रिकेच्या पाठीमागे लिहिला होता. मी ग्रंथपाल, लिहिलेला कागद माझ्याकडून फेकला जात नाही. मी तो मराठी शब्दकोशात ठेवून दिला, 'म' च्या पानांत, आणि मौन पाळलं.

चौदाव्या दिवशी चहाचे कप आत नेताना बाहेर कुजबुज चालू होती. परत आले तर डॉक्टर, जे बोलत नाहीत ते डॉक्टर, बोलले. पत्ते येतात का, असं त्यांनी विचारलं. भाऊजी म्हणाले, येतात की, हा घरी शिकवायचा. काजूवाले म्हणाले, तात्पुरतं बसा वहिनी, कुणी भेटेपर्यंत. ज्या दयाळूपणानं ते हे म्हणाले त्यावरून वाटावं, की खुर्ची रिकामी होती ती माझ्या सोयीसाठी.

मी बुधवारी गेले. लोक काय म्हणतील याचा विचार मी केला होता आणि लोकांनी तो माझ्यापेक्षा कमी केला होता असं निघालं.

टेबलावर बसल्यावर मला कळलं की इथली बोली मला येतच नाही. पुस्तकाप्रमाणे प्रत्येक बोली एकाच आवाजात, चेहऱ्यावर काही न दाखवता सांगायची असते. आमच्या क्लबात 'दोन बदाम' म्हणजे साधे दोन बदाम. 'दोन बदाम की' म्हणजे भरपूर आहे, थांबू नकोस. 'बघा... दोन बदाम' म्हणजे जवळ काही नाही, पण गप्प बसवत नाही. डॉक्टर पास म्हणण्याआधी जीभ टाळ्याला लावून चक् करायचे, तेव्हा त्यांच्याकडे एक एक्का हमखास असायचा. इतरत्र याला लबाडी म्हणतात. इथे अनुभव म्हणतात. मी सगळं सपाट आवाजात सांगायची, आणि भाऊजी हताश होऊन बघायचे: "वहिनी, काय हाय काय न्हाय, जरा कळू द्या की."

मी म्हणायची, कळू दिलंय, दोन बदाम.

आणि मी पास द्यायची. जिथे द्यायला हवा तिथेच द्यायची, पण भाऊजींना तो प्रत्येक वेळी नवऱ्याचाच वाटायचा. "आलं का," ते म्हणायचे, "घराण्याचं आलं का." मग अकरा वर्षांपूर्वीचा डाव पुन्हा एकदा सांगितला जायचा आणि काजूवाले डब्यात हात घालायचे. शब्दकोशातली ती लग्नपत्रिका दर बुधवारी माझ्या पर्समध्ये असे. मी ती कधी काढली नाही. दिलेला शब्द, आणि तोही ज्याला परत विचारता येत नाही अशा माणसाला दिलेला.

असे सात-आठ महिने गेले. 'तात्पुरतं' हा शब्द कुणी परत काढला नाही, कारण दुसरं कुणी भेटलं नाही. मग क्लबानं ठरवलं की नवऱ्याच्या स्मरणार्थ एक दिवसाची स्पर्धा घ्यायची. मला हे फलकावरून कळलं. क्लबाच्या फाटकावर दहा फुटी फ्लेक्स लागला होता. मधोमध भाऊजी, गॉगलमध्ये, हात जोडून. दोन्ही बाजूंना डॉक्टर आणि काजूवाले, आणि ज्यांना मी ओळखत नाही असे सात शुभेच्छुक. वरच्या कोपऱ्यात, इस्पिक एक्क्याच्या शेजारी, जवळजवळ त्याच आकाराचा, माझा नवरा. तो फोटो मुलाच्या लग्नातला होता. त्याच्या खांद्यावर माझा हात होता, तो मनगटापाशी कापला होता. खाली लिहिलं होतं, 'ब्रिजमहर्षी'. जो माणूस आयुष्यभर आहे त्यापेक्षा जास्त सांगू नये असं म्हणत आला त्याला ही पदवी.

आणि त्याखाली: 'बक्षीस समारंभात आठवणी सांगतील', पुढे भाऊजींचं नाव. आठवणी. अनेकवचन उगाच होतं. त्यांच्याकडे एकच होती. साठ-सत्तर माणसांसमोर, माइकवर, त्याच्या नावाच्या कपाशेजारी उभं राहून ते पाच बदामांवरचा पास सांगणार होते, आणि मग तो कायमचा तोच राहणार होता. त्या रात्री मी मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचं ठरवलं. झोप चांगली लागली, याची नोंद करते.

स्पर्धेला चौदा जोड्या आल्या. संयोजकांनी बोलीच्या पेट्या आणल्या होत्या. प्रत्येक बोलीचं छापील कार्ड असतं, ते नुसतं काढून समोर ठेवायचं, तोंडानं काही म्हणायचं नाही. सकाळी नऊ वाजता आमचा क्लब मुका झाला. मोठमोठ्या खेळाडूंचे चेहरे केविलवाणे झाले, कारण 'की' छापलेलं कार्ड त्या पेटीत नव्हतं. साधारण दहा वाजता कुणाला तरी शोध लागला की कार्ड आपटताही येतं. त्यानंतर सभागृहात जत्रेतल्या छऱ्याच्या बंदुकीच्या दुकानासारखा आवाज येत राहिला. भाऊजी चांगली बोली खांद्याच्या उंचीवरून ठेवत.

जेवणाच्या सुट्टीला आम्ही चौदांत अकरावे होतो. सगळे ताटांकडे गेले. मी भाऊजींना म्हणाले, दहा मिनिटं बसा. आणि पत्रिका काढून त्यावरून चार हात मांडले. डॉक्टर आणि काजूवाले ताटं घेऊन शेजारच्या टेबलाकडे गेले, ते बरंच झालं. भाऊजींनी पानं पाहिली. त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. उलट इतका कमी लागला की मलाच नवल वाटलं.

मी बोली एकेक करून सांगितली. पाच बदाम, पास, पास. "मग पाळी कुणाची होती, भाऊजी?"

मी त्यांच्या हातातला इस्पिक एक्का मधे ठेवला, त्यावर नवऱ्याची दुरी ठेवली. मी शांतपणे बोलायचं ठरवलं होतं पण माझा आवाज थोडा वर गेला. मी म्हणाले, ही दुरी तुम्हाला दिसली नाही. अकरा वर्षं तुम्ही त्याचा पास गावभर फिरवलात, आणि आज माइकवर...

"दिसली हुती," भाऊजी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा ते दोन फुटांवरच्या माणसाशी दोन फुटांएवढ्या आवाजात बोलत होते. "दिसली, पर डोसक्यात गेली न्हाय. स्कूटरवर घरी जाताना गेली. मुडशिंगीच्या फाट्यावर गाडी थांबवून मी मोठ्यांदा शिवी दिली, स्वतःला. चौकट खेळायची हुती."

"मग सांगितलं का नाही?"

"त्यो सांगंल म्हणून थांबलो. दुसऱ्या दिवशी आलो तर ह्यो गप्प. हसतोय, पत्ते पिसतोय. म्हटलं, ह्याला कळलं न्हाय का काय? ह्याला कळलं न्हाय असं कसं हुईल? म्हणून मीच काढलं, त्या पासानं कप गेला म्हटलं. म्हटलं आता तरी चिडंल. म्हणंल, गाढवा, चौकट कुणी खेळायची? झालं, मिटलं असतं. न्हाय. नुसता हसला. मग दर बारीला मी तेच काढायचो, वहिनी. अकरा वर्षं काढलं. एकदा बी बोलला न्हाय त्यो."

त्यांनी इस्पिक राजा उचलला, बघितला आणि परत ठेवला.

"लई त्रास दिला त्यानं मला," ते म्हणाले.

माझ्याकडे तयार केलेलं बरंच बोलणं होतं, ते सगळं वाया गेलं. इतकी वर्षं मी समजत आले की माझा नवरा एका आरडाओरडा करणाऱ्या माणसाला उदारपणे सांभाळून घेत होता. आता दिसलं ते असं, की एक माणूस त्याच्यासमोर बसून अकरा वर्षं ओरडत होता, बोल, बोल. आणि भिंतीपलीकडच्याला घरात काय आहे ते सांगावं असं मला शिकवणारा हा महर्षी, जवळ काय आहे ते सांगायला तयार नव्हता. मला त्याचा राग आला. तो गेल्यापासून पहिल्यांदा आला, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. फ्लेक्सवरचा माझा कापलेला हात बघून राग यायला हवा होता, पण तिथे आला नव्हता.

"चौकट खेळायची होती, भाऊजी," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले, आणि जेवायला उठले.

दुपारच्या सत्रात निपाणीहून आलेली एक सभ्य जोडी आमच्या टेबलावर आली. तिसऱ्या डावात भाऊजींनी एक बदाम ठेवला, मी साथ दिली, आणि बघता बघता निपाणीकरांनी पाच किलवरचं कार्ड ठेवलं. पाळी माझी. माझ्याकडे बदामाची तीन पानं, एक इस्पिक एक्का, आणि बाकी सगळ्या रंगांत तीन-तीन, चार. म्हणजे हाताला आकार नाही, एकाही रंगात कापता येणार नाही. असा हात घेऊन पाचावर जायचं नसतं. चार वाजता चहाबरोबर मी हे किमान शंभर वेळा शिकले होते. मी पास ठेवला. निपाणीकरांनी पास ठेवला. आता भाऊजींची बोटं पेटीवर गेली. ती पाच बदामाच्या कार्डावर थांबलेली मला दिसत होती. शेजारच्या टेबलावरून काजूवाले मान वळवून बघत होते. बराच वेळ गेला. मग भाऊजींनी पासचं कार्ड काढलं आणि न आपटता ठेवलं.

इथे हा लेख संपवता आला तर छान होईल. पण पहिलं पान त्यांनाच टाकायचं होतं. त्यांनी बदाम एक्का खेळला, तो मिळाला. मी सगळ्यांत लहान बदाम टाकला. त्यांनी बदाम राजा खेळला. तो कापला गेला, निपाणीकरांनी अकरा हात केले आणि आम्ही अकराव्यावरून तेराव्यावर गेलो.

"इस्पिक खेळायला हवं होतं," मी म्हणाले. "माझं लहान पान बघितलं नाहीत."

निपाणीच्या गृहस्थांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं; त्यांच्याकडे बहुधा बायका टेबलावर असं बोलत नसाव्यात. भाऊजींचा चेहरा मात्र हरवलेला चष्मा सापडल्यासारखा झाला होता. "चुकलो," ते म्हणाले, आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले, "चुकलो की ओ!" पुढचे चार डाव ते आनंदानं हरले.

बक्षीस समारंभाच्या वेळेला भजी तळून तयार होती आणि वास येत होता. वक्त्यासाठी याहून वाईट वेळ नाही. भाऊजी माइकसमोर उभे राहिले, नेहमीचीच गोष्ट सुरू केली, आणि मागे खुर्च्या सरकू लागल्या, कारण ती सगळ्यांना पाठ होती. पाच बदाम आले. पास आला. आणि मग ते म्हणाले की तो पास बरोबर होता, त्याच्यानंतर पाळी त्यांची होती आणि तेही पासच म्हणाले, आणि कप गेला तो त्यांनी चौकटीच्या जागी इस्पिक राजा खेळला म्हणून. मी पहिल्या रांगेत होते, मला सगळं नीट ऐकू आलं. माझ्याखेरीज ते ऐकणारे तिघंचौघं असतील. त्यातले दोघे निपाणीचे. बाकीचे भज्यांपाशी होते. डॉक्टर टाळ्या वाजवत होते, पण त्यांनी त्या वाक्याच्या मधेच सुरू केल्या होत्या.

घरी आले. नवऱ्याचा फोन अजून मी चार्ज करून ठेवते. क्लबाच्या ग्रुपवर काय चाललं आहे ते मला त्यातच दिसतं. इतक्या महिन्यांत मला ग्रुपात घ्यावं असं कुणाला सुचलेलं नाही. काजूवाल्यांनी भाऊजींचा माइकसमोरचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'ब्रिजमहर्षींच्या त्या ऐतिहासिक चुकीच्या पासची आठवण सांगताना...' आणि हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे. चौघांचे अंगठे आले होते.

मी चहा ठेवला. टेबलावर बसले. बराच वेळ त्या तीन टिंबांकडे बघत होते. मग त्याच फोनवरून, त्याच्या नावानं, त्याच्या फोटोसकट, मी लिहिलं: 'पास बरोबर होता. चौकट खेळायची होती.'

ग्रुप एकदम गप्प झाला. कोण कोण वाचत आहे ते दिसत होतं, एकेक नाव वाढत होतं, पण कुणी काही लिहीना. काजूवाल्यांनी फोटोखालचं सगळं पुसलं. कुणीतरी पणती पाठवायला घेतली असावी, ती आली नाही.

पहिला अंगठा भाऊजींचा आला. त्याच्यामागे त्यांचा शब्द आला, एकच: 'व्हय.' आणि थोड्या वेळानं दुसरी ओळ: 'वहिनी, बुधवारी साडेतीनला. उशीर नको.'